सव्वाचार फुटांची न्हाणी

तीन फूट रुंद आणि सव्वाचार फूट लांब जागेत तुम्ही काय मांडाल? बाज टाकून पाहा, मावत नाही. तुरीची चार पोती रचाल, नाहीतर एखादी शेळी बांधाल आणि वर म्हणाल, जागा आहे कुठं. अकोल्यात जिनाच्या, म्हणजे कपाशीतून सरकी काढायच्या कारखान्याच्या, मागच्या वस्तीत एका बाईनं एवढ्याच जागेत न्हाणी बांधली. सन एकसष्टच्या उन्हाळ्यातली गोष्ट. बाईचं नाव चतुराबाई. अक्षरओळख नव्हती. फुटपट्टीवरच्या रेघा मात्र मिस्त्रीपेक्षा आधी वाचायची.

चतुराबाई रेजा होती, म्हणजे बांधकामावर डोक्यावरून घमेली वाहणारी बाई. वीस वर्षं दुसऱ्यांच्या भिंतींना चुना-विटा पोचवल्या. शाळा, दवाखाना, सरकारी क्वार्टरं, कुठल्या भिंतीत किती घमेली गेली ते ती सांगू शकत होती. नवरा जाऊन नऊ वर्षं झाली होती. मुलगा शेषराव कचेरीत शिपाई लागला, त्याचं लग्न झालं, सून आली. सुनेचं नाव शालू. सातवी पास. तिचा बाप बडनेऱ्याला रेल्वेत गँगमन, राहायला रेल्वेचं क्वार्टर, आणि क्वार्टरात भिंतींची न्हाणी.

वस्तीत तसलं काही नव्हतं. घरामागं पऱ्हाटीचा, म्हणजे कपाशीच्या वाळल्या काड्यांचा, तीन बाजूंनी कूड; चौथ्या बाजूला गोणपाट. दिवाळीनंतर कूड दाट असे. उन्हाळा लागला की त्यातल्याच काड्या एकेक करून चुलीत जात आणि कुडातून पलीकडचं दिसू लागे. पलीकडून अलीकडचंही दिसत असे, हे सांगायची गरज नाही. बायका उजाडायच्या आत अंग धुऊन मोकळ्या होत. कोणी विचारलं नाही, कोणी सांगितलं नाही.

शालू सासरी आली त्या वैशाखात एकदा वावटळ उठली आणि कूड उचलून विहिरीवर नेऊन टाकला. विहिरीवर माणसं होती. शालू ओल्या लुगड्यानं तिथंच खाली बसून राहिली. चतुराबाई कामावर होती. संध्याकाळी तिला कळलं तेव्हा ती म्हणाली, "वावटय हाय, येते अन् जाते." पुढं शालूला दिवस गेले, सातव्या महिन्यात ती बाळंतपणाला माहेरी गेली. मुलगी झाली. तीन महिने उलटले आणि शेषराव बायको-लेकीला आणायला बडनेऱ्याला गेला, तो एकटाच परत आला.

"कुठी हाय शालू?" चतुराबाईनं विचारलं.

"नाई आली. म्हणे, आंघोयीले चार भिती झाल्या का येतो."

"महाल पायजे म्हणावं तिले."

"महाल नाई म्हणे माय. कडी म्हणे. आतून लागली पायजे."

"अन् नाई झाली तं?"

शेषरावानं टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "येत्या महिन्यातल्या पह्यल्या रविवारी येऊन पाह्यते म्हणे. जमलं तं राह्यते. नाई तं सांजच्या गाडीनं वापस. पोरगीई तिच्यासंगंच."

चतुराबाईचं डोकं तापलं. नातीचं तोंड तिनं अजून पाहिलं नव्हतं. "मी बेचाळीस वर्सं पऱ्हाटीमांगं आंघोय केली. मले काय झालं?"

शेषराव तसा बोलण्यातला नव्हता. पण त्या दिवशी बोलला. "तुले बरं वाटे काय माय?"

तिनं फुंकणी आपटली आणि बाहेर निघून गेली.

राग तिला नवा नव्हता. नवा होता तो प्रश्न. बरं वाटे काय? आंघोळ ही बरं वाटायची गोष्ट असते हे तिच्या कानावर आजवर आलंच नव्हतं. आंघोळ म्हणजे उरकायची गोष्ट. आणि ती जितका विचार करू लागली तितकं तिला कळेना की क्वार्टरांतल्या न्हाण्यांना आपण शेकडो घमेली चुना पोचवला, पण आत बाई नेमकं काय काय करते, कुठं बसते, कुठं उभी राहते, हे आपण एकदाही पाहिलं कसं नाही?

दुसऱ्या दिवसापासून ती पाहू लागली. सरकारी क्वार्टरांची नवी ओळ उठत होती. जेवणाच्या सुट्टीत बाकीच्या बाया सावलीला बसत; चतुराबाई एकेका अर्धवट न्हाणीत शिरून उभी राही, खाली बसे, हात पसरून पाही. तिथला मिस्त्री पुंजाराम तिच्याच वस्तीतला, पलीकडच्या गल्लीतला. तो वाकून बघायला आला.

"काय वं चतुराबाई, उष्माघात झाला काय?"

"मिस्त्री, सहा फूट लांब न्हाणी कायले गा?"

"नकाशात हाय."

"सायबाची बायको आडवी पडून आंघोय करते काय?"

"मले काय मालूम? मी काय पाहाले जातो?"

"तूई नाई पाह्यलं, नकाशावाल्यानंई नाई पाह्यलं. मंग बांधलं कोणासाठी?"

पुंजारामनं थापी झटकली. तीस वर्षांत त्याला हा प्रश्न कोणी विचारला नव्हता, आणि असला प्रश्न एका रेजानं विचारावा हे त्याला आवडलंही नव्हतं. पण तो माणूस कामाचा होता. रात्रभर त्याच्याही डोक्यात ते फिरत राहिलं असावं, कारण सकाळी आल्या आल्या म्हणाला, "जुन्या ओयीत दुर्गाबाई हाय, कारकुनाची बायको. तिची मीच बांधली. राहते कशी ते पाहून ये."

दुर्गाबाईनं दार उघडलं. न्हाणी पाहायची आहे म्हटल्यावर ती आधी गोंधळली, मग हसली, मग म्हणाली, "पाहा, पण दारातूनच." दारातूनच. आत पाय टाकायचा नाही. त्या न्हाणीची वीट न् वीट जिच्या डोक्यावरून आली तिनं उंबऱ्याबाहेर उभं राहायचं. चतुराबाईची बोटं वळली. पण ती काम घेऊन आली होती, म्हणून उभी राहिली आणि पाहिलं. आणि जे दिसलं त्यानं ती राग विसरली.

सहा फूट लांब, पाच फूट रुंद न्हाणी. तिच्या एका कोपऱ्यात ओली फरशी, बसायच्या पाटाएवढी. बाकी सगळीकडे लाकडं, रॉकेलचे डबे, एक मोडका पाळणा, कांद्यांची टोपली.

"बाई, तुमी इथंच बसता काय, कोपऱ्यात?"

"मग कुठं? तिथून बादलीला हात पुरत नाही. आणि कोरडं नेसू दारापाशी ठेवलं की तिथवर ओल्यानं जावं लागतं, पाय घसरतो."

चतुराबाई परत येताना एकटीच हसत होती. कारकुनाच्या बायकोला आंघोळीला पाटाएवढी जागा लागते, तेवढीच आपल्याला लागते. जागा कमी पडत नाही. वस्तू चुकीच्या ठिकाणी पडतात.

तिच्या घराची मागची भिंत आणि शेजारणीच्या घराची भिंत यांच्यामध्ये एक सांद होती, तीन फूट रुंद. एका तोंडाला विहिरीची वाट, दुसऱ्या तोंडाला नाली. दोन्ही सोडून लांबी उरली सव्वाचार फूट. शेजारीण जाईबाई, चतुराबाईच्याच वयाची, जिभेनं तिच्याहून तिखट.

"माही भित वापर," जाईबाई म्हणाली, "पण वलावा आला तं तुह्या चुलीवर येऊन झोपीन."

"चुना-सुरखीचा गिलावा करतो. तुह्या घरात पाणी नाई येत, तुह्या बोलण्याचं इकडं येते तेवढंच."

लांबीच्या दोन्ही भिंती आयत्या मिळाल्या. राहिल्या दोन आखूड. ठेकेदाराला सांगून तुटक्या शहाबादी फरशा आणि उरलेल्या विटा तिनं क्वार्टरांवरून आणल्या. पुंजाराम रविवारी आला. सूत ताणणार तोच चतुराबाई म्हणाली, "थांब. आधी मले आंघोय करू दे."

पुंजाराम मागं सरकला.

"कोरडी," ती म्हणाली.

आणि भर दुपारी, अंगावरच्या लुगड्यासकट, चुन्यानं आखलेल्या चौकोनात चतुराबाईनं पाण्याशिवाय आंघोळ केली. जाईबाई आणि पुंजाराम पाहत राहिले. ती आत शिरली, दार ओढलं. "दार आत उघडलं तं अर्धी न्हाणी खाते. बाहेर उघडाचं." कोरडं लुगडं टांगलं. "खुंटी वर, दाराच्या बाजूनं, शिंतोडे उडत नाई तिथं." बसली, तांब्या उचलल्यासारखा हात केला, कोपर भिंतीला लागलं. "बसाचा दगड चार बोटं इकडं." पाठ घासली. डोकं धुतलं. उठली. आणि मग थबकली. ओलं लुगडं. नऊवार ओलं लुगडं पिळायला दोन बाया लागतात, किंवा अंगण लागतं.

"आता पिय कशी पियतं ते," जाईबाई म्हणाली. "माह्या घरात येऊन पियसीन?"

चतुराबाई भिंतीकडे पाहत राहिली. मग तिनं पुंजारामच्या सुताचं एक टोक एका खुंट्याला अडकवलं, दुसरं दोन्ही हातांत धरलं आणि पीळ दिला. "खालतं एक जाड खुंटी ठोक. तिच्यात लुगडं दुपदरी अडकवाचं अन् इकडून पीय द्याचा. खुंटी दुसरी बाई झाली."

पुंजारामनं पहिल्यांदा मान डोलावली.

राहिलं ऊन पाणी. चूल घरात, न्हाणीत येईतो बादली घेऊन घराला वळसा. घराच्या मागच्या भिंतीत, बरोबर न्हाणीच्या बाजूला, देवळी होती. छप्पनच्या बौद्ध दीक्षेनंतर त्यातले देव मोर्णा नदीत सोडले, तेव्हापासून ती रिकामी होती. काडेपेटी आणि कंगवा तेवढा राही. चतुराबाईनं तिच्यावर बोट ठेवलं. "हे आरपार कर. चुलीवरून भगोनं उचललं का इथून आत."

"देवळी फोडू?" पुंजारामनं विचारलं.

"आता ते ऊन पाण्याची खिडकी हाय."

थंड पाण्याचा रांजण नालीच्या टोकाला. त्यासाठी लांबीतली दीड फूट जागा घेणारा, वीतभर उंच भरीव ओटा, रांजण निम्मा भिंतीत रोवलेला, बाहेरून टिनाची पन्हळ: विहिरीचं पाणी बाहेरूनच पन्हळीत ओतायचं, आत रांजण भरतो. पुंजारामनं दोन रविवार घातले. फरशीला उतार दिला, पाणी भिंतीतल्या भोकातून नालीत. वर टिन. बाहेर उघडणारं दार आणि दाराला आतून लोखंडी कडी. चतुराबाईनं ती कडी पंधरा वेळा लावून काढून पाहिली.

वस्तीतल्या बायका पाहायला आल्या. कोणी आत जाऊन कोपरं पसरून पाही, कोणी देवळीतून तोंड काढून घरात डोकावे. चतुराबाई दारात उभी राहून सांगे, हे इथं का, ते तिथं का. मान ताठ. बेचाळीस वर्षांत कोणी तिच्याकडून काही शिकायला आलं नव्हतं. शालूच्या यायला आठ दिवस होते.

जाईबाई आपल्या चार महिन्यांच्या नातवाला उचलून आली. "चाल, माह्या नातवाचं उद्घाटन करतो."

ती आत गेली, दाराकडे पाठ करून जमिनीवर बसली, पाय लांब केले. किंवा करायला गेली. तळवे रांजणाच्या ओट्याला लागले आणि गुडघे वर राहिले. आपल्याकडे पोराला कसं न्हाऊ घालतात, तुम्हाला ठाऊक आहे: बाई पाय सरळ पसरते, पोराला पोटऱ्यांवर निजवते, तेल चोळते, पाणी घालते. पाय सरळ नसले तर पोर कुठं निजवायचं? जाईबाईनं नातवाला गुडघ्यांवर ठेवायचा प्रयत्न केला. तो घसरून तिच्या पोटावर आला आणि गळा काढून रडू लागला.

"चतुरे," जाईबाई आतून म्हणाली, "लेकुरवायीसाठी न्हाणी बांधली, अन् लेकराले जागाच नाई."

बाहेरच्या बाया हसल्या. चतुराबाईनं पाहिलं आणि तिचं तोंड उतरलं. तिनं उभ्याचं माप घेतलं होतं, बसल्याचं घेतलं होतं, कोपराचं, लुगड्याचं, बादलीचं घेतलं होतं. नातीला न्हाऊ घालणार कोण? आजी. म्हणजे ती स्वतः. आपलेच पाय तिनं मोजले नव्हते. शेषराव झाला त्याला सव्वीस वर्षं झाली. त्यानंतर त्या पायांवर पोर निजलं नव्हतं, म्हणून त्यांची लांबीच ती विसरली होती.

"हसू नोका," ती म्हणाली. "घरी जा."

पुंजारामला तिनं त्याच संध्याकाळी गाठलं. तो म्हणाला, "नालीकडं सरकत नाई, वाटेकडं सरकत नाई. ओटा तोडून रांजण बाहेर काढ, मंग जागा होते."

"अन् आतल्या बाईनं थंड पाण्यासाठी आवाज देत बसाचं?"

"मंग पोराले बाहेर न्हाऊ घाल. समद्याईच घालतात."

"वाऱ्यात? तीन महिन्याच्या पोरीले?"

"तं मले नको इचारू," पुंजाराम म्हणाला. तोही दुखावला होता. ओटा त्यानं फार सुबक केला होता.

पाच दिवस गेले. चतुराबाई कामावर घमेली वाही आणि घरी आली की न्हाणीत जाऊन बसे. शेषरावानं हळूच सुचवलं की शालूला समजावून सांगू. ती म्हणाली, "समजावाचं काय हाय? तिनं न्हाणी मांगतली. मी अर्धी बांधली."

शुक्रवारी ऊन मरणाचं होतं. अकोल्याचं ऊन, सांगणारा थकतो, ऐकणाऱ्याला पटत नाही. भिंतींवर मारायच्या पाण्याचं पिंप विटांच्या चार थप्प्यांवर ठेवलेलं असे, तोटीखाली बादली मावावी म्हणून. पिंप पाझरे, खाली गारवा राही. रेजा बाया भाकरी खायला तिथं जात, पिंपाकडे तोंड करून बसत आणि पावलं पिंपाखाली सारत. चतुराबाईही बसली. फडकं सोडलं, भाकरीवर ठेचा घेतला, घास तोंडात घातला. आणि घास तसाच राहिला.

ती आपल्या पायांकडे पाहत होती. पोटऱ्या उन्हात होत्या. पावलं दिसत नव्हती.

"काय झालं वं?" शेजारच्या बाईनं विचारलं.

"पावलं कुठी हाय माही?"

"पिंपाखाली. डोकं फिरलं काय?"

चतुराबाई भाकरी गुंडाळून उठली. पुंजाराम माचाणावर होता. तिनं खालूनच सांगितलं, "मिस्त्री, ओटा भरीव कायले केला? पोकय कर. दोन बाजूनं विटा, वरून जाड फरशी, त्याच्यावर रांजण. पाय लांब केले का पावलं खाली जाते. पोटऱ्या बाहेर राहते. पोर पोटऱ्यावर निजते, पावलावर थोडीच."

पुंजाराम माचाणावरून खाली पाहत राहिला. मग म्हणाला, "रांजण वर जाईन. बसल्या बाईचा हात नाई पुरत."

"तोटी बसव. पाणी आपोआप खाली येते."

मिस्त्री माणूस आपलं काम मोडायला सांगणाऱ्याला सहजी हो म्हणत नाही. पण उतरताना त्यानं थापी कमरेला खोचली आणि म्हणाला, "ओटा तोडताना तू समोर उभी नोको राहू. मले राग येते."

शनिवारी सुट्टी टाकून त्यानं सुबक ओटा फोडला. दोन बाजूंना विटांचे आखूड पाये, वर दोन इंच जाड फरशी, खाली फूटभर उंच पोकळी. रांजणाच्या बुडाजवळ खिळ्यानं, पाणी सोडत सोडत, हळूहळू भोक पाडलं आणि पितळी तोटी बसवली. रांजण तडकला नाही. चतुराबाई आत बसली, पाय लांब केले. पावलं पोकळीत गेली आणि वर रांजणाचा गारवा लागला. ती तशीच बराच वेळ बसून राहिली, तेव्हा जाईबाई बाहेरून म्हणाली, "निजली काय वं?"

रविवारी शालू आली. बापासोबत, हातात लहानसं गाठोडं, खांद्यावर पोरगी. पेटी आणली नव्हती. तिनं चतुराबाईच्या पायांना हात लावला, पोरगी तिच्या हाती दिली आणि पाणीसुद्धा न पिता म्हणाली, "पाहू काय, आत्याबाई?"

"पाह्यतं काय? आंघोय करून ये. गाडीतून आली."

शालू आत गेली. कडी लागल्याचा आवाज आला. शेषराव अंगणात उगाच बाजेची दोरी ओढून बसवू लागला. शालूचा बाप बिडी ओढत होता. चतुराबाईनं नातीला मांडीवर घेतलं आणि देवळीतून ऊन पाण्याचं भगोनं आत सरकवलं. आतून दोन हातांनी ते घेतलं. मग पाण्याचा आवाज. मग बराच वेळ काहीच आवाज नाही.

"इतका वेळ काय करून राह्यली?" शालूच्या बापानं विचारलं.

"आंघोय," चतुराबाई म्हणाली. "करू द्या."

शालू बाहेर आली ती कोरडं नेसून, केस टॉवेलात, हातात पिळलेलं लुगडं. सगळ्यांची नजर तिच्यावर. ती म्हणाली, "आत्याबाई, वरची खुंटी लय वर हाय. तुमी उंच. माहा हात पुरत नाई."

"मंग? कोरडं कसं काढलं?"

"दगडावर चढून."

चतुराबाईनं दारातून वरच्या खुंटीकडे पाहिलं. पायांनंतर हात. "चार बोटं खाली घेतो."

"सहा," शालू म्हणाली.

"सहा."

मग चतुराबाई नातीला घेऊन आत बसली. पाय पसरले, पावलं ओट्याखाली, पोरगी पोटऱ्यांवर. तेल चोळलं. शालू दारात वाकून ऊन पाणी घालत होती, थंड पाणी तोटीतून बादलीत पडत होतं. पोरगी आधी ओठ काढून बसली, मग गप्प झाली आणि वर टिनाकडे डोळे लावून पाहू लागली.

बाहेर शेषराव बापडा घुटमळत होता. सांजच्या गाडीची वेळ जवळ येत चालली होती. शालूनं नवऱ्याकडे न पाहता, पण त्याला नीट ऐकू जाईल अशा आवाजात सासूला सांगितलं, "आत्याबाई, त्यायले सांगा, सांजच्या गाडीनं बाबासंगं जा म्हणा. पेटी बडनेऱ्याले राह्यली."

शेषराव गेला. दुसऱ्या दिवशी पेटी आली. पावसाळ्याच्या आत वस्तीत आणखी सात न्हाण्या उठल्या, सगळ्यांचे ओटे पोकळ, आणि प्रत्येक खुंटी त्या त्या घरच्या सर्वांत ठेंगण्या बाईच्या हातानं मोजलेली. पुंजाराम मिस्त्री कामाला गेला की सूत ताणण्याआधी म्हणू लागला, "बाईले बोलवा." हे कुठं शिकलास असं विचारलं तर तो सांगत नसे, तेवढा गर्व त्याचा त्याला ठेवू द्या.

आणि तुमच्याकडं एक मागणं आहे. यंदा घराला न्हाणी बांधणार असाल तर कागदावर रेघा ओढायच्या आधी घरातली म्हातारी शोधा. तिला जमिनीवर बसवा, पाय सरळ करायला सांगा, पायांवर शेजारचं का होईना एखादं पोर द्या, आणि मूठभर चुना घेऊन तिच्याभोवती रेघ ओढा. मगच मिस्त्रीला आवाज द्या.